प्रतापकाकांची तक्रार

तक्रारीखाली प्रतापकाकांचं नाव पाहून आश्लेषाच्या कपाळाला आठी पडली. पाण्याचा व्ह्यू हवा म्हणून काकांनी नुकताच सिएटलच्या कालव्याकाठी फ्लॅट घेतला होता. पण त्या व्ह्यूमध्ये माणसं निघाली! जुन्या बोटींवर बिऱ्हाड थाटलेली, दोरीवर चड्ड्या वाळत घालणारी.

आश्लेषा काउंटीच्या आरोग्य खात्यात इन्स्पेक्टर. राहायला सिएटलजवळच्या बॉथेल गावात. तिथली मराठी मंडळी बहुतेक सॉफ्टवेअरवाली. त्यांच्यात काका मिटक्या मारत सांगायचे, "आमची आश्लेषा लोकांचे संडास तपासते!" आता त्याच कामासाठी त्यांना ती हवी होती.

"वास येतो गं," ते फोनवर म्हणाले. "हाकलून दे त्या बोटवाल्यांना एकदाचं. ही काय राहायची पद्धत झाली?"

"बाल्कनीपर्यंत येतो वास?"

"येणारच ना कधीतरी!"

असल्या माणसासाठी आपण थंडीत कुडकुडत फिरायचं, या विचारानं तिचं तोंड कडू झालं. एकेका बोटीवर चढून तिनं मैल्याच्या टाक्या पाहिल्या. सगळ्या ठीक होत्या. शेवटच्या बोटीवर मात्र हाकांना ओ येईना. खिडक्यांना आतून प्लास्टिक चिकटवलेलं, आत हीटर घुरघुरत होता. तिनं दार ढकललं आणि कमरेला लावलेला विषारी वायू ओळखणारा मीटर किंचाळायला लागला.

बाकावर मेगन नावाची तरुण आई कलंडली होती, कुशीत तान्ही मुलगी. आश्लेषानं श्वास रोखून आधी बाळ बाहेर आणलं, मग आईला काखेत धरून फरफटत ओढलं, आणि धापा टाकतच अॅम्ब्युलन्स बोलावली.

दोघी वाचल्या. हीटरचं धुराडं गंजून बुजलं होतं, म्हणून कार्बन मोनॉक्साइड आतच कोंडला होता.

"गॅसचा अलार्म सारखा वाजायचा," मेगन हॉस्पिटलात म्हणाली, "म्हणून मी बॅटरी काढली."

आश्लेषाला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण ती रडत होती.

संक्रांतीला बॉथेलच्या मराठी मंडळींतल्या रुपालीकडे जेवायला सगळे जमले, तेव्हा काका रंगात आले होते. "माझी एक तक्रार, अन् दोन जीव वाचले!"

चीड आणणारी गोष्ट ही, की ते खरं होतं.

"मग, गेली ना ती बोट?" काकांनी हळूच विचारलं.

"नाही काका. नवं धुराडं बसवलं, अलार्म लावला. मी पास केली."

काकांचा चेहरा पडला. अक्षरशः पडला. दोन जीव वाचवणाऱ्या माणसाचा! आश्लेषानं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, आपलं ताट उचललं आणि ती दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली.