कुंभवलीच्या दोरवाल्याची केस

ती झडती आजही आठवली की मला एका जागी बसवत नाही.

तेव्हा मी बोईसर भागात उपविभागीय पोलीस अधिकारी होतो. नायलॉनचे दोर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीची तक्रार आली की, कुंभवलीतला एक लहान कारखानदार स्वतःच्या दोरावर त्यांचं लेबल लावून विकतो. ट्रेडमार्कच्या गुन्ह्यात झडतीआधी निबंधकाचं मत घ्यावं लागतं. ते आलं, आणि त्याच सकाळी निनावी फोन खणखणला, "माल आज गाळ्यात आहे."

पंचांना घेऊन आम्ही पोहोचलो. दाराशीच दोराची भेंडोळी पडलेली, सगळ्यांवर कंपनीचं लेबल. मालक साताऱ्याकडचा, पूर्वी इथेच फिटर होता. पंचनाम्यावर सही करताना तो म्हणाला,

"साहेब, हा माल माझा नाही. गिऱ्हाइकाने परत पाठवला म्हणून टेम्पोवाल्याने आत्ताच उतरवला."

असं बहुतेक आरोपी म्हणतात. पण बनावट माल कोणी दाराशी ठेवत नाही.

मुद्देमाल सील करून ठाण्यात येतो तोच विधिमंडळातल्या एका पक्षाच्या गटनेत्यांचा फोन. "अधिवेशन चालू आहे. बनावट मालावर उद्या माझी लक्षवेधी आहे. आरोपी अटकेत आहे, असं सांगू ना?"

"चौकशी चालू आहे, सर."

"चौकशी काय, नंतरही होते."

स्टेशन डायरीत नोंद व्हायच्या आत बातमी मुंबईत पोहोचली कशी? त्या विचारात मी जेवणाचा डबा उघडलाच नाही. दोरवाल्याला अटक न करता नोटीस देऊन सोडलं. तो पळाला असता तर माझी धडगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरची एक बोटवाली कोळीण ठाण्यात आली. "सायेब, त्याला कशाला तरास देता? मोट्या कंपन्यांनी येकदम भाव वाढवला, यानंच नाय वाढवला."

"पण तो त्यांचं लेबल लावतो ना?"

"कशाला लावंल? आमाला त्याचाच दोर पायजे हाय!"

मी बाजारातून कंपनीचं एक भेंडोळं आणवलं आणि तक्रार देणाऱ्या विक्री अधिकाऱ्याला पुरवणी जबाबासाठी बोलावलं. जप्तीतलं लेबल आणि दुकानातलं लेबल शेजारी शेजारी ठेवलं.

"यातलं बनावट कोणतं?"

बराच वेळ पाहून त्याने दुकानातल्या लेबलावर बोट ठेवलं.

"हे तर तुमचं खरं आहे. दुसरंही तुमच्याच छपाईचं दिसतंय. खोट्या दोराला खरी लेबलं कुणी दिली?"

त्याने पाणी मागितलं. तेवढ्यात हवालदाराने शोधून काढलेला टेम्पोवाला आत आला आणि विक्री अधिकाऱ्याला पाहताच म्हणाला, "साहब, माल तो इन्होंने ही दिया था."

मग विक्री अधिकारी बोलू लागला. कंपन्यांनी मिळून भाव ठरवले होते. दोरवाल्याने त्यात यायला नकार दिला, म्हणून त्याच्या दाराशी हा माल टाकायचा वरून हुकूम आला होता.

गुन्हा दाखल झाला तो विक्री अधिकारी आणि टेम्पोवाल्यावर. भावाचं संगनमत हा दिल्लीतल्या स्पर्धा आयोगाचा विषय. मी अहवाल वर पाठवला, त्याचं उत्तर आलं नाही. गटनेत्यांचा पुन्हा फोन आला. "लक्षवेधी मी मागे घेतली. तुम्हीही आता फार ताणू नका."

काही आठवड्यांनी कुंभवलीतून जाताना मी त्या गाळ्यापाशी थांबलो. दोरवाल्याने चहा मागवला. धंदा कसा चाललाय, मी विचारलं.

"बरा आहे. आता मीही त्यांचाच भाव लावतो."

"का? तुमच्यावरचा आरोप तर गेला."

"गेला, साहेब. पण ती पोलिसांची गाडी पुन्हा दारात नको."

तक्रारदाराला पोलिसांकडून नेमकं काय हवंय, हे आधी तपासावं, असं त्यानंतर मी प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो. त्या कंपन्यांना निकालाची गरजच नव्हती. माझी गाडी दुपारभर त्या दारात उभी राहिली, तेवढ्यानेच त्यांचं काम झालं होतं.