दादूचा बिल्ला

सून तांब्याचा हंडा चिंचेने घासू लागली की त्या ओल्या धातूच्या वासाने मला बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती खाण आठवते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी राज्याच्या सीमेपलीकडच्या डोंगरात खोदलेली ती तांब्याची खाण. आम्ही जतची माणसे तिथे राबत होतो. खाली उतरताना फळीवरचा आपला बिल्ला काढून न्यायचा आणि वर आल्यावर परत टांगायचा, हा तिथला नियम. रिकामा खिळा म्हणजे माणूस खाली.

त्या दुपारी खाली जुन्या बोगद्यात माझ्या गावचा दादू मला म्हणाला, "गड्या, माझा बी बिल्ला टांग. हत्यारं आवरून आलोच. मुकादमाचं थोबाड बघत रांगंत कोन उभा ऱ्हाईल?"

मी वर येऊन दोन्ही बिल्ले टांगले आणि ओढ्यावर अंघोळीला गेलो.

परतलो तेव्हा इंग्रजांच्या वेळचा जुना बोगदा ढासळला होता. आमच्याच भागातला मुकादम निवांत विडी ओढत बसला होता.

"भिऊ नगंस रं," तो म्हणाला, "समदे खिळे भरल्यात. खाली कोन न्हाई."

दादू खालीच आहे, त्याचा बिल्ला मी टांगला, असे मी सांगितले तशी माणसे धावली. दादूला वर काढले तेव्हा त्याचे अंग अजून कोमट होते.

ओढ्यावर मी तासभर रमलो होतो.