एका घरातले दोन खोकले

शेषरावचा खोकला गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो कोपऱ्यावर ऐकू आला की घरात त्याची बायको शालू चहाचं आधण ठेवी. उभी जवानी त्याने अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काढली. तोंडाला दुपट्टा बांधून दिवसभर कापसाच्या धुळीत उभं राहायचं आणि संध्याकाळी पांढऱ्या भुवया-मिशा घेऊन घरी यायचं. लहानगी लेक पायल त्याच्या मांडीवर बसून मिशांतली रुई वेची आणि फुंकर मारून उडवी. मग एका वर्षी त्याची छाती आवळायला लागली. डॉक्टर म्हणाले, धूळ बसली आहे, काम सोडा. शेषरावने काम सोडलं. खोकल्याने शेषरावला सोडलं नाही. त्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. रंगाऱ्याच्या हातावर रंग राहतो, तशी आपल्या छातीत रुई राहिली, असं तो म्हणे.

वाईट वाटलं ते पायल खोकली तेव्हा.

पायल अमरावतीला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मैत्रिणींसोबत खोली करून राही आणि शनिवारी घरी येई. या हिवाळ्यात ती आली तीच खोकत. कोरडा, खालून ओढून आणल्यासारखा खोकला. दारापर्यंत यायला तिला दोनदा थांबावं लागलं. शेषरावने जेवणाचं ताट बाजूला सरकवलं. गुन्हेगार शोधायला त्याला वेळ लागला नाही. इतकी वर्षं अंगावर धूळ घेऊन घरी कोण येत होतं? पोरीला मांडीवर कोण घेत होतं?

घरातल्या गाद्याही जिनिंगच्याच रुईच्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याने त्या टेम्पोत घातल्या आणि नांदगाव खंडेश्वरला मेव्हण्याकडे पाठवून दिल्या.

"अन् माह्या भावाच्या लेकरायच्या छातीचं काय?" शालूने विचारलं.

"त्यायनं कुठी माह्या मिशा झटकल्या?" शेषराव म्हणाला.

"झोपा मंग आता चटईवर. थंडी काय म्हणते ते पाहू."

पायल दारात उभी राहून गाद्या जाताना पाहत होती. "बाबा, राहू द्या ना," एवढंच ती म्हणाली. शेषराव आता तिच्यापासून लांब, पाठ करून जेवू लागला. पुढचे काही शनिवार ती आली, खोकली आणि चटईवर झोपून परत गेली. शेवटी त्याने तिला छातीच्या दवाखान्यात नेलं.

तिथे सगळ्यांनी त्यालाच पेशंट धरलं. कंपाउंडरने त्याला आत ढकललं, डॉक्टर मॅडमनी स्टुलावर बसवून त्याच्या पाठीला नळी लावली.

"मी नाई, मॅडम. पोरगी," शेषराव म्हणाला. "मी जिनिंगात होतो. माह्यापासून हिले लागलं. हिच्या छातीत रुई निघते का, पाहा."

"असं लागत नाही ते," मॅडम म्हणाल्या. पायलला तपासून झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "ओढतेस का काही?"

पायलचा हात पर्सवर गेला.

शेषरावला राग आला. "दर रविवारी विहारात पंचशील म्हणते ते. सुपारीचं खांड तोंडात टाकत नाई. माह्या कपड्यायची चूक हाय, मॅडम. माही हाय. तिले काहून विचारता?"

पायलने पर्स उघडली आणि बोटाएवढी निळी नळी टेबलावर ठेवली.

"बाबा, चूक तुमची नाही," ती म्हणाली. "याची आहे."

शेषरावने नळी उचलली. तिला पिकल्या आंब्याचा वास होता. त्याला वाटलं, पेन असेल.

"किती दिवस?" मॅडमनी विचारलं.

"गेल्या वर्षीपासून. मैत्रीण म्हणाली, ही काही सिगारेट नाही, नुसती वाफ आहे. आता नाही ओढली की चिडचिड होते. अभ्यासात लक्ष लागत नाही."

"ई-सिगारेटच आहे ही. आत निकोटिन आहे. तुझ्या वयात त्याची सवय लवकर जडते. बाकी जे तापून छातीत जातं, ते आंब्याच्या वासाने गोड होत नाही. यावर बंदी आहे, माहीत आहे ना?"

"मोबाइलवरून घरपोच येतं."

मॅडमनी ड्रॉवर उघडला. आत तशाच आणखी काही रंगीत नळ्या होत्या. त्यांनी निळी त्यांत टाकली. "सोडलीस तर खोकला उतरायला हवा. सोडायला त्रास होईल, त्यासाठी येत राहा." मग शेषरावकडे पाहून म्हणाल्या, "तुमचा नाही उतरायचा."

"माहा राहू द्या," शेषराव म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याला आधी हलकं वाटलं. हलकं वाटलं याचा राग नंतर आला.

"मले तं या खोकल्याचा पगार भेटे," तो म्हणाला. "तुले काय भेटलं?"

"काही नाही, बाबा."

घरी शालूने सगळं ऐकून घेतलं. तिने पोरीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "आता माह्या भावाच्या घरून गाद्या कोण मांगन?"

"जे खोकते ते," शेषराव म्हणाला.

पुढच्या रविवारी बापलेक नांदगावला गेले. मामीने गाद्यांना नव्या खोळी घातल्या होत्या, त्यामुळे मागणं जरा जड गेलं. पायलने मान खाली घालून कारण सांगितलं. मामीने गाद्या बाहेर काढल्या.

परत येताना टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच थांबला. आत नळाच्या पाइपसाठी खोदून ठेवलं होतं. शेषरावने गादीचं एक टोक धरलं, पायलने दुसरं. विजेच्या पहिल्या खांबाशी पायलचा श्वास संपला. शेषरावचाही तिथेच संपला. गादी खांबाला टेकवून दोघं वाकून उभे राहिले. घरात शालूला खोकला ऐकू आला आणि तिने आधण ठेवलं. कोणाचा, ते तिला कळलं नाही.

आधी शेषराव सरळ झाला.

"चाल," तो म्हणाला. "का म्हाताऱ्यानं एकट्यानं न्यावं?"

पायलने दुसरं टोक उचललं.