सरांच्या नावाचं बीपी

मला लिहायची सवय नाही. चुकलं तर सोडून द्या. पण तातेराव सरांचं हे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

तीर्थपुरीजवळच्या कॉलेजात सर प्राणिशास्त्र शिकवत. मी रखमाजी, त्यांच्या प्रयोगशाळेतला परिचर. हृदयाचे चार कप्पे रंगीत खडूनं काढावेत ते सरांनीच. खडू ठेवला की तंबाखूची पुडी हातात. ग्रंथालय शंभर पावलांवर, तरी मोटारसायकल. वडील पन्नाशीतच हार्ट अटॅकनं गेलेले, म्हणून दैवशालावहिनी मागं लागायच्या, "एकदा तपासून घ्या हो."

"मी पोरांना हृदय शिकवतो. मला काय शिकवता?"

पाच वर्षांपूर्वी कॉलेजात प्राध्यापकांच्या हृदयतपासणीचा कॅम्प झाला. कॉलेजला दर्जा देणारी समिती येणार होती आणि तिच्या फाईलला तेवढाच कागद कमी होता. एकमेकांची हजेरी लावणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढणारे सर मला म्हणाले, "मामा, माझा फॉर्म घेऊन तिथं बसा. मी समितीच्या फाईलमधल्या फोटोंखाली नावं टाकून राह्यलो."

"सर, बीपी माझं येईल."

"बीपीवर कुणाचं नाव असतं का? जा, जल्दी."

मला कुणाला नाही म्हणता येत नाही. नर्सबाईंनी सरांचं नाव पुकारलं, मी बाही वर केली. व्यायाम? रोज आठ किलोमीटर सायकल. तंबाखू? नाही. बीपी एकशेवीस-ऐंशी.

"प्राध्यापक असावा तर असा," बाई म्हणाल्या. मी बाही खाली केली.

सरांनी तो कागद लॅमिनेट केला. समितीला फसवलं, ते एक वेळ चालून गेलं असतं. पण हा शिकलेला माणूस स्वतःच त्या कागदावर विश्वास ठेवू लागला. वहिनी बोलल्या की कागद दाखवायचा, मिरचीभजी खाताना दाखवायचा. एकदा तर मलाच दाखवला, "बघा मामा, बिलकुल नॉर्मल!"

गेल्या महिन्यात फळ्यावर हृदय काढता काढता सर कोसळले. जालन्याच्या दवाखान्यात वहिनींनी पर्समधून तोच कागद काढला. डॉक्टर म्हणाले, "बीपी तर बराबर होतं. मग एवढं कधी बिघडलं?"

"मी म्हणायचे ना तपासा म्हणून," वहिनी रडत होत्या. "पण ह्यांचा कागद चांगला होता."

मी पुढं सरकलो. शेवटी बोललो, "डॉक्टरसाहेब, ते बीपी माझं आहे."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं आणि कागद फाडायला घेतला. लॅमिनेशन फाटेना. मग तो त्यांनी माझ्याच हातात कोंबला.

सर वाचले. चौथ्या दिवशी बोलू लागले. मी उशाशी होतो. वहिनी कशा आहेत, हे सरांनी विचारलं नाही.

"मामा, तो कागद कुठंय? पुढच्या महिन्यात पुन्हा समिती येऊन राह्यली."

"न्हाई देणार, सर," मी म्हणालो. "कागद माझा आहे. घरी नेला."