नुआनचन मावशीचा सगळ्यात लहान आकडा

नुआनचन मावशी बावीस वर्षं आमच्या गावची आरोग्य स्वयंसेविका होती. मेकाँग नदीकाठच्या प्रत्येक घरात तिचं रक्तदाबाचं यंत्र फिरलेलं होतं. मी साहित्याची पदवी घेऊन परत आले तेव्हा तिने माझ्या हातात वही दिली. "अक्षर बरं आहे ना, पोरी? मग लिही."

दर महिन्याला विहाराच्या मंडपात स्वयंसेविका आधी एकमेकींचा रक्तदाब मोजत. आकडा जास्त असेल तर नावापुढे नारिंगी टिकली, ठीक असेल तर हिरवी. मावशीच्या दंडाला पट्टा बांधला की यंत्राचा आकडा स्थिर राहत नसे. आधी एकशे अडुसष्ट, मग एकशे एकतीस, मग एकशे एकोणपन्नास. पडद्यावर एक छोटं हृदय लुकलुकायचं.

"मावशी, हे काय?"

"यंत्र म्हातारं झालंय. माझ्यासारखं."

"मग यातला कुठला लिहू?"

"सगळ्यात लहान. मीच नारिंगी निघाले तर मीठ कमी करायला कुणाला सांगू? ती फिकुल टपूनच बसलीय. म्हणेल, आधी तुझी आंबवलेल्या माशांची बरणी फोड!"

फिकुल, आमच्यातलीच एक स्वयंसेविका, समोरच होती. "फोडणार नाही, पळवणार!" म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही. लुकलुकणाऱ्या हृदयासाठी वहीत रकाना नव्हता. मी १३१ लिहिलं.

एकदा मी म्हणाले, "तालुक्याला दाखवून येऊ या."

"आणि माझ्या घरांच्या फेऱ्या कोण करील? तू?"

मी पुन्हा कधी म्हणाले नाही. असे सोळा महिने गेले.

मग एका सकाळी, पट्टा बांधता बांधता, तिचं तोंड वाकडं झालं. आम्ही तिला तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरने पूर्ण मिनिटभर तिची नाडी धरली. मग कानाला नळी लावून स्वतः तीनदा रक्तदाब घेतला.

"ठोके अनियमित आहेत. बहुतेक बरेच दिवस; त्यातूनच मेंदूला झटका आला. अशा वेळी पडद्यावर हृदय लुकलुकतं, आणि यंत्राच्या एका आकड्यावर भरवसा नसतो. तीन-चारदा मोजून सरासरी काढायची, नाडी हाताने बघायची. जुन्या नोंदी आहेत?"

मी वही दिली. सोळा ओळी, सोळा हिरव्या टिकल्या.

"रक्तदाब तर चांगला होता," तो म्हणाला.

"दर वेळी तीन आकडे यायचे."

"मग बाकीचे कुठे आहेत?"

"लिहिले नाहीत."

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी गेली. पुढच्या आठवड्यात आरोग्य केंद्राने वही मागितली. मी दिली. त्या वहीत मावशी ठणठणीत आहे.