वीणेवरचा शेवटचा हात

पंचावन्न-छप्पनचा उन्हाळा असेल. तिरोड्याजवळच्या आमच्या गावी बाबा ओसरीत वीणा घोटत बसले होते... शिवण झाडाच्या लाकडाची, शेजारच्या गावच्या भजनी मंडळाने करायला सांगितलेली.

बाबा सुतार. लाखेचे थर चढवून झाले की जवसाच्या तेलात विटेची मऊ भुकटी कालवायचे आणि नुसत्या तळव्याने घासायचे. हाताला लाकूड गरम लागलं की थांबायचे.

त्या दिवशी ते थांबेचनात. मी पाणी द्यायला गेले तर वीणेवर लाल ओघळ... तळव्याचं सालटं निघालं होतं.

"बाबा, रक्त येऊन राहिलं!"

"कायचं रक्त?" त्यांनी हात उलटा केला अन् बघतच राहिले. "मले तं लाकूड अजून थंडच लागून राहिलं वं..."

तिरोड्याच्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला सुई टोचली. बाबा म्हणाले, "टोचा ना जी, कवा टोचता?"

कुष्ठरोग. तेव्हा लोक महारोग म्हणत, तेही हळू आवाजात.

माझं ठरलेलं लग्न मोडलं. मंडळाचा निरोप आला, वीणा नको. काकांनी ती काठीने अंगणात ढकलली आणि म्हणाले, "जाळून टाका." बाबा कडुनिंबाखाली, पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले होते.

माय चुलीपासून उठून आली. वीणा उचलली, पदराने धूळ पुसली आणि मांडीवर घेतली.

"सांगा, हात कसा फिरवू?"

"नको लावू वं हात. माहं रक्त लागलं हाय तिले."

"इतका संसार केला तुमच्या संगं, आता कायले भेवू? सांगा."

मग बाबांचा आवाज आला, "लाकडाच्या रेषेरेषेनं फिरव... आडवा नको." माय घासत राहिली. काका निघून गेले.

पुढे गोळ्यांनी रोग थांबला, पण बोटं वाकली ती वाकलीच. रंधा पुन्हा धरता आला नाही. माय दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोपं रोवायला जाऊ लागली. वीणा कोणी नेली नाही.

बाबा गेले तेव्हा अंघोळ घालायला भाऊबंदांतलं कोणी पुढे आलं नाही. मायने आणि मी घातली. त्यांची वाकडी बोटं तिने एकेक करून धुतली... घाई न करता.

माणसाला न भिता हात कसा लावायचा, हे मी तिच्याकडून शिकले. तिच्या पोटी जन्मले, हे माझं भाग्य.