आपल्यातलेच मोरे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सोनपेठकडच्या एका गावात, ड्युटीवर असताना, मी माझी जात बदलली. दोन सेकंद लागले. कागदपत्रं लागली नाहीत.

मी सर्व्हेवाला. घरोघर जाऊन फॉर्म भरतो. तो सर्व्हे होता, माणूस स्वतःला काय समजतो याचा. ‘मी अमुक आहे’ अशी दहा वाक्यं. उत्तरं देणारा तो रिस्पॉन्डंट. आमचे रिस्पॉन्डंट गावचे पाटील. लिहायला नवी इन्व्हेस्टिगेटर, सुरेखा.

“लिहा. मी पाटील. मी भगवानरावांचा थोरला. मी तीन पोरींचा बाप.”

“पाटील, स्वतःबद्दल सांगा,” मी म्हणालो.

“मग हे काय शेजाऱ्याचं सांगायलोय का?”

सात वाक्यं झाल्यावर त्यांनीच विचारलं, “मोरे साहेब, तुमी कंचे मोरे?”

“वालूरचे.”

“गाव न्हाई इचारलं. आपल्यातलेच ना?”

“हो.”

आजोबांपासून आम्ही बौद्ध.

“आन् बाई, तुमी?”

“बौद्ध,” सुरेखा म्हणाली. फॉर्मवरून मानही वर केली नाही.

चहा आला. मला कपबशी, तिला कागदी कप. गाव लय सुधारलंय. पूर्वी वेगळा कप वळचणीला जपून ठेवावा लागायचा, आता फेकून देता येतो.

“मला पण कपबशीतच द्या, न्हाईतर राहू द्या,” ती म्हणाली.

पाटील हसले. कपबशी काही आली नाही. सुरेखाने माझ्याकडे पाहिलं. आमच्या कामात न्यूट्रल राहायचं असतं, म्हणजे स्वतःचं मत दाखवायचं नाही. मी इतका न्यूट्रल राहिलो की चहा बशीत ओतून प्यायलो. ती फॉर्म माझ्याकडे देऊन उठली. उरलेली तीन वाक्यं मी लिहून घेतली.

संमतीपत्रावर सुपरवायझरचा नंबर होता. पाटलांनी तो लावला. दुसऱ्या दिवशी परभणीच्या ऑफिसात आम्हाला बोलावणं.

“मोरे, ही म्हणते कागदी कप दिला. पाटील म्हणतात, उगं भांडली. तुम्ही तिथंच होता ना?”

“सर, माझं लक्ष फॉर्मात होतं.”

‘रिस्पॉन्डंटशी उद्धट वर्तन’ असा शेरा मारून तिला काढलं. ती माझ्याबद्दल एक शब्द बोलली नाही. बाहेर स्कूटी काढताना म्हणाली, “सर, माझी मावशी अन् तुमची आई वालूरच्या विहारात शेजारी बसतात. आईला जयभीम सांगा.”

म्हणजे पाटलांच्या ओसरीवरही तिला सगळं माहीत होतं.

धडा एवढाच, की आपण लपलो तर पावती दुसऱ्याच्या नावाने फाटते. सुरेखा खरं बोलत होती, हे ऑफिसला लेखी द्यायचं माझ्याकडे राहिलंय. आणि तिच्या दारात जाऊन माफी मागायची, तीही राहिलीय.